आर्गॉनमधला उशीर

"मी मशीन चालवलं तर येत नाही, तू चालवलंस तर येतं. याचा अर्थ काय काढायचा, तूच सांग."

सुयोग सर हे बोलले तेव्हा माझ्या हातात चहा होता. तो सांडला नाही, कप फुटला नाही, काही नाही. मी कप टेबलावर ठेवला आणि उभीच राहिले. मला वाटलं, सर गंमत करतायत. सर गंमत करणाऱ्यांतले नाहीत हे चांगलं माहीत होतं, तरी वाटलं. फार मोठा धक्का बसला की माणूस मूर्खासारखं हसतो, तशी मी हसलेसुद्धा.

"हसू नकोस. शुक्रवारी कमिटी बसणार आहे. आकडे तू बनवलेस की नाही, एवढाच प्रश्न आहे."

आकडे बनवलेस! अंधेरीच्या या संस्थेत मी पीएचडीला आले त्याला चार वर्षं होत आली होती. मशीनला पहिला पाना लावायला मला याच माणसाने शिकवलं. माझं काही चुकलं तर ओरडा, काही जाळलं तर भरून घ्या. पण असला शब्द संघमित्रा या माझ्या नावाला कुणी लावू शकतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

काम काय ते आधी सांगते, म्हणजे आरोप कळेल. माझ्या उंचीची एक धातूची नळी. तिच्यातली हवा उपसून काढायची आणि आर्गॉन भरायचा. आर्गॉन हा निष्क्रिय वायू, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. नळीच्या एका तोंडाशी पोटॅशियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, सोडायचे आणि विजेच्या जोरावर दुसऱ्या तोंडाकडे ओढायचे. वाटेत ते आर्गॉनच्या अणूंवर आपटत जातात. असला अलिप्त आर्गॉनसुद्धा आयन जवळून गेला की किंचित त्याच्याकडे झुकतो, आणि या आपटाआपटीत, ओढाताणीत आयनांचा वेग ठरतो. शिवाय एकदम निघालेले आयन पोचेपर्यंत पांगतात. शाळा सुटल्यावर मुलांचा घोळका गेटातून एकत्र बाहेर पडतो आणि नाक्यापर्यंत जाता जाता पसरतो, तसे. किती वेळात पोचले आणि किती पांगले, हे मोजायचं. एवढंच. घरी समजावून सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले, "म्हणजे तू बसचं टायमिंग घेतेस." माझे वडील, अंबादास, बेस्टमध्ये कंडक्टर होते. त्यामुळे ते मान्य करावं लागलं.

दसऱ्यानंतर माझे आयन उशिरा पोचायला लागले. पोटॅशियमचा आर्गॉनमधला वेग जगभर मोजून झालेला आहे, तक्ते तयार आहेत. माझे आयन त्या तक्त्यांना जुमानेनात. पुन्हा मोजलं, नळी रिकामी करून पुन्हा भरली, पुन्हा मोजलं. उशीर तो उशीरच. सर आधी माझ्यावर चिडले, मग गप्प झाले, मग एकदम खूश झाले. आर्गॉनचे अणूच आयनाभोवती गोळा होऊन त्याला जड करत असणार, अशी त्यांनी एक कल्पना मांडली आणि बंगळूरच्या परिषदेत जाऊन ती झोकात सांगूनही आले. पेपर छापायला गेला, त्यावर माझं नाव पहिलं. घाटकोपरला, पंतनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आईने त्या दिवशी मजल्यावर पेढे वाटले.

डिसेंबरात मला डेंग्यू झाला. मी घरी पडून असताना नळी गळायला लागली. सरांनी स्वतः तिच्या सांध्यांतल्या रबरी रिंगा बदलल्या, आर्गॉन भरला, आयन सोडले. आयन वेळेवर पोचले. तक्त्यात लिहिलंय अगदी तसे. पुन्हा सोडले, पुन्हा वेळेवर. मी परत आले तोवर सरांच्या बंगळूरच्या भाषणाची वाट लागलेली होती आणि त्यांना कुणीतरी धरायला हवं होतं. हे मला आता कळतं. त्या दिवशी फक्त कान तापले होते.

घरी सांगितलं तेव्हा पप्पा जेवता जेवता थांबले.

"तू केलंस का?"

"नाही."

"मग?"

"मग काय पप्पा, उशीर होता. मी बघितलाय."

त्यांनी भाताचा घास परत ताटात ठेवला. "बस लेट झाली की लोक कंडक्टरवर खेकसतात. पुढे रस्ता खोदलाय ते कोण बघत नाय. तू रस्ता बघ."

रस्ता बघायचा म्हणजे जुने आलेख बघायचे. उशीर मी शंभरदा बघितला होता. या वेळी पांगणं बघायला बसले.

आयनांचा वेग आणि त्यांचं पांगणं यांचं एकमेकांशी ठरलेलं नातं असतं. सगळेच आयन हळू चालले असते, तर पांगणंही त्या हिशेबातच राहिलं असतं. माझ्या ऑक्टोबरच्या आलेखांत ते भलतंच होतं. आयन पोचले की आलेखावर उठणारा उंचवटा उशिरा तर आलाच होता, पण त्याची मागची बाजू ओली साडी वाळत घातल्यासारखी लोंबत होती. सर त्याला मशीनचा गोंगाट, म्हणजे निरर्थक थरथर, म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती. आता बघते तर गोंगाट कसला! सगळे आयन हळू नव्हतेच. सगळे नीट निघाले होते आणि वाटेत त्यांना कुणीतरी गाठलं होतं. कुणाला दारातच, कुणाला अर्ध्या रस्त्यात, कुणाला पोचता पोचता. नळीत आर्गॉनखेरीज आणखी काहीतरी होतं. जड होतं, आणि आयनाला चिकटलं की सोडत नव्हतं.

मला आनंद झाला. खोटं करणारी बाई उशीर लिहून मोकळी होईल, ती पांगणं कशाला बिघडवत बसेल? ते तसं बिघडायला नळीत खरोखर काहीतरी असावं लागतं. मी खरी होते. हा आनंद किती टिकला, तर पुढचा विचार येईपर्यंत. नळीत काहीतरी होतं, म्हणजे माझा शोध हा शोध नव्हताच. नळी घाण होती. स्वतःला खरं ठरवायचं तर माझा पेपर मला माझ्याच हाताने पुरायला लागणार होता. मी कॅन्टीनमध्ये जाऊन वडा-उसळ मागवली आणि तिच्याकडे बघत बसले. उसळ गार झाली.

मग ऑक्टोबर आणि डिसेंबर यांच्यात बदललं काय? चालवणारा माणूस, आणि रिंगा. माणसाचं मला माहीत होतं. राहिल्या रिंगा. काढलेल्या जुन्या रिंगा सरांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये टाकल्या होत्या. आमच्याकडे काहीच फेकत नाहीत. मी पिशवी उघडली आणि नाकाशी नेली.

कापूर.

पिशवी बंद केली. परत उघडली. कापूरच. माझ्या अंगावर काटा आला, कारण तो वास तिथे असण्याचं कुठलंच कारण मला सुचेना. आमच्या घरात कापूर नसतो. वाशीमला आजोबांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हापासून नाही. पण ओळखायला तो घरातच असावा लागतो असं थोडंच आहे? शाळेत, सोसायटीच्या गणपतीत, मैत्रिणीच्या हॉलमध्ये, सकाळच्या पहिल्या रिक्षात, मुंबईत कापूर कुठे नसतो? फक्त माझ्या नळीत तो नसायला हवा होता.

आमच्या मजल्यावर कापूर म्हणजे एकच माणूस, वर्कशॉपमधले लवूमामा. मूळ मालवणकडचे, राहायला कांदिवलीला. वडील गिरणीत होते, मामा इथे चिकटले ते आता रिटायर व्हायला आलेत. खंडेनवमीला ते प्रत्येक लॅबमधलं एकेक हत्यार गोळा करून मोठ्या थाळ्यात मांडतात. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, कुणाचं मीटर. झेंडूची माळ, हळदकुंकू, मधोमध कापराची वाटी. आरती सुयोग सर करतात. मी त्या दिवशी कधीच नसते. आमचा दसरा नागपूरला, दीक्षाभूमीवर. पप्पांबरोबर मी दरवर्षी आधीच निघते. यंदा निघताना नव्या रिंगा पुसून, टेबलावर स्वच्छ कपड्यावर ठेवून गेले होते. आल्यावर बसवायच्या म्हणून. येताना सर्दी घेऊन आले होते, त्यामुळे बसवताना नाकाला काही कळलं नाही.

मामा कानस मारत होते. मी पिशवी त्यांच्यासमोर धरली.

"मामा, दसऱ्याला माझ्या रिंगांना हात लावला होता?"

कानस थांबली. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वास येतोय."

त्यांनी हात फडक्याला पुसले. बराच वेळ पुसले. "थाळ्यात ठेवल्या होत्या. सगळ्यांच्या मशीनीचं काय ना काय होतं, तुझ्या मशीनीचं काय नाय. आरती झाली, लोक पांगले. उंदीर येतात ना, म्हणून वर परात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तू यायच्या आधी सकाळी उचलून परत तुझ्या कपड्यावर ठेवल्या. जशा होत्या तशा."

"आणि कापूर?"

"वड्या उरल्या होत्या वाटीत. त्या पण आतच."

रबर कापराचा वास पितं. परातीखाली कोंडलेला तो कापूर माझ्या रिंगांनी पोटभर पिऊन घेतला होता आणि मग नळीत बसल्यावर थोडा थोडा सोडला होता. आर्गॉन कुणाला धरत नाही, कापूर धरतो. आणि आमचे सर बंगळूरला जाऊन सांगत होते की आर्गॉनचा स्वभाव कळला.

मला राग आला. डोकं बधिर होईल असा राग आला. "मी पूजा करत नाही हे तुम्हाला माहीत नाही का, मामा? निदान विचारायचं तरी."

मामा घाबरले की मालवणीत जातात. "तुका नको आसात गो. पण त्या मशीनीक कोण आसा? एकटीच रवली ती."

एक माणूस माझ्या चार वर्षांवर पाणी फिरवतो, आणि का, तर माझं मशीन एकटं पडू नये म्हणून. ओरडायचं होतं आणि रडू येत होतं, म्हणून दोन्ही केलं नाही.

"कमिटीसमोर हे सांगाल?"

"सायबांसमोर?" त्यांनी दाराकडे बघितलं. "जाता जाता नाव खराब होईल गो माझं."

"नाही बोललात तर माझं होईल. मी अजून सुरुवातही केली नाही."

मामांनी कानस उचलली, खाली ठेवली. "येतो," म्हणाले.

शुक्रवारी कमिटीत शीतल मॅडम मुख्य होत्या, चेंबूरहून आलेले एक निवृत्त प्राध्यापक होते, आणि बाजूच्या खुर्चीत आरोप करणारे म्हणून सुयोग सर. मी पांगण्याचे आलेख मांडले. प्राध्यापकांनी चष्मा वर सरकवून त्या लोंबत्या बाजूवर बोट ठेवलं आणि हुंकार भरला. मग मी कापराचं सांगितलं आणि सर हसले.

"कापूर. रबरातून, नळीत, आयनापर्यंत."

लवूमामा उभे राहून दोन वाक्यांत बोलले. रिंगा मी ठेवल्या, हिला माहीत नव्हतं.

"म्हणजे आता पूजेवर ढकलायचं," सर म्हणाले.

हे येणार याची मला कल्पना होती. "पूजेवर नाही, सर. कापरावर. नव्या रिंगा घ्या, कापराच्या वड्या घ्या, वर परात घाला. आरती नको, फुलं नकोत. सोमवारी बसवू आणि बघू. आयन वेळेवर आले, तर तुम्ही लिहाल त्यावर मी सही करते."

शीतल मॅडमनी परातीला कडेने चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर स्वतः सही केली. शनिवार-रविवार मी घरी काय केलं, आठवत नाही. आई सांगते, भांडी घासली. घासलेली पण.

सोमवारी परात उचलली तसा वास खोलीभर झाला. रिंगा प्राध्यापकांच्या देखत मी बसवल्या, हवा उपसली, आर्गॉन भरला. जेवणानंतर सगळे पडद्यासमोर उभे राहिले. मी बटण दाबलं. तक्त्याप्रमाणे जिथे उंचवटा उठायला हवा तिथे रेघ सपाट गेली. सरळ, सपाट. आणि मग, उशिरा, ती हळूहळू वर चढली आणि मागे लोंबत राहिली. प्राध्यापकांनी ऑक्टोबरचा आलेख पडद्याशेजारी धरला. तेच पोट, तीच शेपटी.

"बापरे," शीतल मॅडम हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "संघमित्रा, आरोप मागे. आजच लेखी देते."

मला आनंद व्हायला हवा होता. मी स्टूल ओढून बसले. दारात लवूमामा डोळे पुसत होते. मला वाटलं, संपलं.

शीतल मॅडमनी टेबलावरची जुन्या रिंगांची पिशवी उघडली, हुंगली आणि तोंड मागे घेतलं. "एवढे महिने होऊनही इतका वास आहे. सुयोग, तुम्हीच बदलल्या होत्यात ना या? तेव्हा नाही का आला?"

"आला होता की," सर म्हणाले. अगदी सहज. पडद्याकडेच बघत होते ते. "पिशवीत भरताना आला होता. पण कापूर काय, आपल्याकडे सगळीकडेच असतो. त्याच्याकडे कोण लक्ष देतं?"

पंप घरघरत होता. आपण काय बोललो ते सरांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला.

"वास आला होता तुम्हाला?" मी विचारलं.

"तसं नाही संघमित्रा, तेव्हा ते सुचलं नाही..."

"माझं नाव सुचलं."

"हे बघ, भावनेच्या भरात काही बोलू नकोस."

आरोप झाला त्या दिवशी बसला नव्हता एवढा धक्का मला आत्ता बसला होता, सुटल्यावर. शुक्रवारी तो माणूस कापूर म्हटल्यावर हसला होता, आणि त्याच्या स्वतःच्या नाकाला उत्तर डिसेंबरपासून माहीत होतं. मी बॅग उचलली. मामा जिन्यापर्यंत मागे आले, काहीतरी म्हणत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरले.

पेपर मागे घेण्याचा मजकूर मीच लिहिला. सरांनी निरोप पाठवला की 'अज्ञात सेंद्रिय अशुद्धी' असं लिही, बरं दिसेल. मी कापूर लिहिलं.

त्या सोमवारी संध्याकाळी पप्पांना सगळं सांगितलं. परात, वड्या, मामा, पडदा, सगळं. कापराला मी हात लावला हेही सांगितलं. त्यावर त्यांनी नुसती मान डोलावली. सरांचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं.

"म्हणजे वास त्याला आधीच आला होता," ते म्हणाले. "आणि संशय कोणावर, तर तुझ्यावर."

"कापूर त्यांच्या रोजच्यातला, पप्पा. त्याच्यावर संशय येत नाही."

पप्पा हळू आवाजात, जणू मला ऐकू जाऊ नये असं वाटत असल्यासारखे, म्हणाले, "आणि तू तर चार वर्षं रोज तिथे जातेस."